ट्रेनी, वय वर्षं सेहेचाळीस

"ए, इकडे ये. सरांना घालून दे."

सुभाष एवढंच म्हणाला. मी फडका बाजूला ठेवला आणि गेलो.

प्लँटच्या दारात पाच पाहुणे उभे होते. आमचा माल घेणाऱ्या कंपनीतले, तपासणीला आलेले. आत जायचं तर बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्या लागतात. ज्याच्या त्यानं चढवायच्या, असं भिंतीवर चित्रासकट लिहिलेलं आहे. पण एका साहेबांचं पोट मोठं. त्यांना वाकता येईना. मी गुडघ्यावर बसलो आणि त्यांच्या बुटांना पिशव्या घातल्या. मग दुसऱ्यानं न सांगताच पाय पुढे केला. तिसऱ्यानंही. सवय लागायला वेळ लागत नाही माणसाला, घालून घ्यायची आणि घालायचीही.

पाचही झाले. उठायला लागलो तर समोर आणखी एक बूट. काळा, चकचकीत. वर पाहिलं. सुभाष होता. फोनवर बोलत होता, पाय पुढे करून.

सुभाष माझा सख्खा चुलत भाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. दसऱ्याला वाडीत धाकट्यानं थोरल्याला सोनं द्यायचं आणि पाया पडायचं, अशी आमच्याकडे रीत. दर वर्षी तो माझ्या पाया पडतो. मी त्याच्या बुटाला पिशवी चढवली. इलास्टिक नीट बसलं का तेही पाहिलं.

"हा कोण?" पोटवाल्या साहेबांनी विचारलं.

"ट्रेनी आहे सर. बॉयलरचा."

"या वयात?"

"घरचाच माणूस आहे," सुभाष हसला. "चालतंय त्याला."

सगळे हसले. मीही हसलो. त्यांचं हसणं मी विसरेन कदाचित. माझं नाही विसरता येत.

आता मी या वयात ट्रेनी कसा झालो ते सांगतो. त्यात शहाणपणा शोधू नका.

वीस वर्षं मी मुंबईत एका छापखान्यात बायंडिंग केलं. छापखाना बंद पडला आणि मी पोलादपूरला परतलो. आमची वाडी वर, कुडपणच्या वाटेवर. शेत आहे, पण ते आमच्यापेक्षा डुकरांना जास्त लाभतं. सुभाष तेव्हा महाडच्या एमआयडीसीत, एका औषधांच्या कंपनीत कामगारांच्या भरतीचा अधिकारी झालेला. बारावीनंतर तो मुंबईला माझ्याच खोलीवर राहून शिकला होता. चार वर्षं. परीक्षा आली की मी बाहेर गॅलरीत झोपायचो. त्याच्या नोट्स मी फुकटात बांधून द्यायचो, वर कापडी पाठ लावून. त्यामुळे तो गणपतीत घरी येऊन म्हणाला, "दादा, मी आहे ना," तेव्हा माझे डोळे भरून आले. सौ. म्हणाली, डोळे पुसा, मोदक खारट होतील.

बॉयलरचं प्रशिक्षण द्यायचं, असं ठरलं. मग सरकारी परीक्षा, मग कायम नोकरी. अट एकच. तीन वर्षांच्या आत सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यायचा. तोवर दहावीचा मूळ दाखला कंपनीकडे.

करार सात पानी, इंग्रजी. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, देवीला विचारल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. करार देवीच्या पायाशी ठेवला. गुरवानं कळ्या लावल्या. उजवी पडली, म्हणजे देवीचा होकार. नारळ फोडला, प्रसाद वाटला आणि मी देवळाच्या पायरीवर बसून सातही पानांवर सही केली. वीस वर्षं लोकांचे कागद शिवणारा मी. स्वतःचा वाचून बघावा असं काही सुचलं नाही.

"देवीनं कौल दिला तो तुमच्या नशिबाला," सौ. म्हणाली. "इंग्रजी तिला कुठं येतंय?" पण हे ती म्हणाली चौदा महिन्यांनी. सह्या झाल्या त्या दिवशी तिनंही प्रसाद खाल्ला होता.

चौदा महिने मी पहाटे मोटरसायकलनं घाट उतरलो, पोलादपूरला कंपनीची बस धरली. फरशी पुसली, गटारं साफ केली, ड्रम धुतले. सुभाष म्हणायचा, सुरुवातीला सगळ्यांनाच असं करावं लागतं. दर शनिवारी तो टेबलावर एक कागद सरकवायचा. "सही कर दादा, फॉर्मॅलिटी." सही केली की कँटीनचं एक कूपन मिळायचं, बटाटेवड्याचं. मी सही कागदावर करायचो आणि डोळा कूपनवर असायचा.

बुटांच्या त्या दिवशी मात्र पाहुणे गेल्यावर मी थेट बॉयलर हाऊसमध्ये गेलो. तिथं बापू असायचे. रोज वीरहून येणारे, तीस वर्षं बॉयलर सांभाळलेले.

"बापू, माझं शिकणं कधी सुरू व्हायचं?"

"तुजं कसलं शिकणं? तू झाडूवाल्यांत ना?"

"मी बॉयलरचा ट्रेनी हाय."

बापू हसले नाहीत. त्यांनी कपाटातून वही काढली आणि माझ्यापुढे टाकली. "या दारातनं जो आत येतो त्याचं नाव हितं असतं. माजी सही असते. ती सही असल्याबिगर परीक्षेला कोण बसवत नाय. शोध तुजं नाव."

शोधलं. चौदा महिन्यांत एकदा सापडलं. राख उचलायला आलो होतो, तेव्हाचं.

घरी आलो. मुलगी महाडला कॉलेजात आहे. तिला करार दिला. तिनं मोबाइल शेजारी ठेवून, एकेक शब्द बघत दोन तास लावले.

"बाबा, इथं 'दिलेल्या प्रशिक्षणाचा खर्च' असं आहे. दिलेल्या."

"मला तर दिलंच नाही."

"मग भरायचं काय?"

मला इतका आनंद झाला की मी दुसरा भात घेतला. दुसऱ्या दिवशी सुभाषच्या केबिनमध्ये जाऊन ताठ उभा राहिलो. म्हणालो, मी सोडतोय, दाखला दे. शिकवलं नाही तर खर्च कसला?

त्यानं शांतपणे एक फाइल काढली. एकामागून एक पानं उलटली. सगळ्यांखाली माझी सही.

"बॉयलर थिअरी, दोन तास. सेफ्टी, दोन तास. ही तुझीच सही ना दादा?"

माझीच होती. शनिवारची. वड्याची.

"दीड लाख होतात," तो म्हणाला. "थोडे कमी करायला लावतो, घरचा आहेस. नाहीतर बावीस महिने काढ गपचूप."

"सुभाष, तुला सगळं ठाऊक होतं?"

त्यानं दार लोटून घेतलं. "मला वर्षाला ठराविक ट्रेनी दाखवावे लागतात. बाहेरचे भांडतात, पळून जातात. आपल्या गावचे जात नाहीत. त्यांना लाज असते." मग जरा मऊ आवाजात, "वाईट नको वाटून घेऊ. तुझं घर चाललंच ना?"

त्या केबिनमध्ये मला कळलं. त्यानं मला निवडलं होतं ते मी भाऊ होतो म्हणूनच. मी गॅलरीत झोपलो होतो म्हणून. हा माणूस आपल्याकडे मागत नाही, आपल्याला बोलत नाही, हे तो चार वर्षं माझ्या खोलीत बसून शिकला होता. आमच्या घरात प्रशिक्षण झालं असेल तर ते त्याचं.

कामगार खात्याकडे अर्ज लिहायला घेतला. मराठीत, स्वतःच्या हातानं. बापूंनी वहीतल्या पानांचे फोटो काढू दिले. "रिटायर व्हायला माजी दोन वर्षं उरल्यात," एवढंच म्हणाले, आणि पानं स्वतः धरून ठेवली.

वाडीत बातमी पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी चुलते आले. आप्पा, सुभाषचे वडील. माझा बाप गेल्यावर माझ्या लग्नात बापाच्या जागी उभे राहिले ते हे.

"कंपनीवर काय लिवायचं ते लिव," आप्पा म्हणाले. "ती मोठी हाय, तिला काय फरक पडतोय. पोराचं नाव काड."

"आप्पा, त्याचं नाव काढलं तर त्या सह्या माझ्या एकट्याच्या उरतात. मग मी शिकूनसवरून पळणारा ठरतो. पैसेही भरायचे आणि खोटाही मीच."

"भावकीत असं नसतंय करायचं."

"हे त्याला कुणी सांगितलं होतं का?"

आप्पा उठून उभे राहिले. मग म्हणाले, "तुज्या घरचं पाणी आता मला चालायचं नाय." सौ.नं चहा आणला होता. तो तसाच राहिला. मी त्यांना अंगणापर्यंत पोचवायला गेलो, तर त्यांनी हात झटकला. सत्तरीतला माणूस. पायरी उतरताना एरवी माझाच खांदा धरायचे.

मी पुन्हा आत येऊन बसलो. खरं सांगतो, पेन हातात धरून नावापाशी थांबलो होतो. खोडायला एक रेघ पुरली असती. सौ. शेजारी बसून तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, काय करू? ती वर न बघता म्हणाली, "मला विचारू नका. मी कळी नाय उजवी पडायला."

सोमवारी अर्ज घेऊन कामगार खात्याच्या कार्यालयात गेलो. कारकुनानं वाचला. चष्मा वर केला.

"आडनाव एकच दिसतंय. तुमचे कोण?"

"चुलत भाऊ."

"नात्यातले अर्ज लोक महिन्याभरात मागे घेतात. आमचे कागद फुकट. बघा, नाव ठेवायचं का?"

"ठेवा."

त्यांनी शिक्का मारला आणि पोच दिली. अर्जातली पहिली ओळ माझी आहे: मी न वाचता सह्या केल्या. दुसरी ओळ त्याची: त्या कुणी करून घेतल्या. चौकशीत दोन्ही वाचल्या जातील आणि मी समोर उभा असेन. दाखला मिळेल, न मिळेल. दीड लाखाची नोटीस येईल, तिला उत्तर देईन. कोर्टात बोलावलं तर जाईन. न शिकवलेल्या गोष्टीचा एक रुपयाही भरणार नाही.

आप्पांनी माझ्याकडे येणं सोडलंय. सोडू देत. नाव तिथंच राहील.