लेकीनं काय सांगायचं

फेटा अर्धा बांधून झाला होता. एक पदर बांधणाऱ्याच्या दातात, दुसरा हातात. मी मान ताठ धरून बसलो होतो. लातुरातल्या एका मंगल कार्यालयात आमच्या अकरावी-बारावीच्या बॅचचं गेट-टुगेदर होतं. पहिला सत्कार माझा. फौजी म्हणून.

माइकवर संग्राम. कॉलेजात पहिल्या बाकावर बसायचा, आता चाकूर भागात एका इंग्लिश शाळेचा संस्थाचालक. त्यानं विचारलं, "सांग गड्या, किती जणायला ठोकलास?"

सगळे हसले. मी खरं ते सांगितलं.

"माझा ट्रेड हाऊसकीपर हाय. लॅट्रिन, बाथरूम, बराकीची साफसफाई."

हसणं थांबलं. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे फौजेत बी त्येच का!"

ते ‘त्येच’ म्हणजे काय, सगळ्यांना कळलं. मलाही.

संग्रामनं बांधणाऱ्याला डोळ्यानं खुणावलं. माइकवर पंजा ठेवून मला हळूच म्हणाला, "फेटे मोजके हायत रे. पाहुणे यायलेत. तू तर घरचाच हायस." बांधलेला फेटा उलटा सुटत गेला. एक वेढा, दुसरा वेढा. मग कान उघडे पडले.

आणि मी काय केलं? तो फेटा गुडघ्यावर घेतला, नीट घडी घातली, परत दिला. थँक्यू म्हणालो.

फेटा उतरवला त्याच्यापेक्षा त्या थँक्यूची लाज जास्त आहे. म्हणून हे लिहितोय.

ती माझी सवयच होती. बाप सेंट्रिंगवरून पडून घरी बसला, थोरला मी, अकरावी अर्ध्यात सोडली. तरी बॅचवाल्यांनी ग्रुपात घेतलं, थँक्यू. भरतीत धावताना चार सेकंद मागं पडलो, ट्रेड्समनची, म्हणजे साफसफाईची, जागा मिळाली, थँक्यू. माझ्या लेकीला, प्रज्ञाला, संग्रामच्या शाळेत पहिलीत प्रवेश मिळाला, तेव्हा तर मी त्याच्या पाया पडलो. वाकून. त्यानंही पाय मागं घेतले नाहीत.

भरती झालो तेव्हा बाप दोन महिने माझ्याशी बोलला नव्हता. मग एकदाच बोलला. "आज्यानं गावकीचं काम टाकलं. मेलेली ढोरं वढायची बंद केली. दीक्षा घेतली. अन् तू झाडू घ्यायलास?" मी म्हणालो, "दादा, पगार हाय, वर्दी हाय, पेन्शन हाय." उत्तर अपुरं होतं. त्यालाही कळलं, मलाही.

गेट-टुगेदरनंतर आठवड्यात रजा रद्द झाली. सीमेवर तोफा सुरू झाल्या होत्या. कुठं होतो ते सांगत नाही. मोबाईल जमा केले. तीन-चार दिवसांनी युनिटच्या फोनवर पाच मिनिटं, मागं रांग. निघताना मी बायकोला, शीलाला, बॅचच्या ग्रुपात घालून आलो होतो. पाच मिनिटांत ती सगळं कोंबायची. आईच्या गोळ्या संपल्या होत्या, आणल्या. प्रज्ञाचा दात पडला. आणि तुमच्या बॅचची बातमी: एकाला जुळं झालं, एकाची बदली धर्माबादला झाली. "अन् एकजण रोज नकाशा टाकायलाय बगा, कुठं बाँब टाकायचा ते. घरात बसून."

मी हसायचो. कान बाहेरच्या आवाजाकडं.

एकदा म्हणाली, "अहो, चौकात तुमचं बॅनर लागलंय. ‘आमच्या बॅचचा वाघ’. हातात बंदूक हाय. पर ते हात तुमचे न्हाईत."

"कशावरून?"

"मला माझ्या नवऱ्याचे हात वळखू येत न्हाईत व्हय? लई गोरे हायत ते."

दुसऱ्या कुणाच्या अंगावर माझं डोकं चिकटवलं होतं. खाली संग्रामचा फोटो, माझ्याहून मोठा. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. दोन दिवस बरं वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी गोळे आमच्याजवळ पडायला लागले. सगळे खाली, बंकरात. पाण्याची टाकी फुटली. मिळेल ते पाणी प्यायलो आणि जुलाब सुरू झाले. एकाला, मग सहा जणांना, मग अर्ध्या लोकांना. भरलेले खड्डे बुजवून नवे खणायचे होते, चुना टाकायचा होता, पाणी उकळून द्यायचं होतं. ते माझं काम. जरा शांत झालं की मी वर जायचो. दुसऱ्या खेपेला मागून पावलं आली. हरियाणाचा हवालदार. त्यानं दुसरं फावडं उचललं आणि माझ्या बाजूला खणायला लागला.

मी म्हणालो, "साब, ये मेरा काम है."

"पेट सबका है," तो म्हणाला. "खोद."

तिथं मला बापाला द्यायचं उत्तर सापडलं. आज्यानं टाकलं ते काम नव्हतं. हे काम फक्त तुमचंच, असं जन्माआधीच ठरवणारा हुकूम त्यानं टाकला होता. संग्रामनं तोच हुकूम चौकात बंदुकीच्या चित्राखाली झाकून ठेवला होता. आणि मला त्याचं बरं वाटलं होतं.

पुढच्या फोनवर शीलाचा आवाज वेगळा. शाळेत रविवारी सैनिकांसाठी कार्यक्रम. प्रज्ञानं बोलायचं. भाषण संग्रामनं लिहून दिलं होतं: माझे पप्पा शत्रूवर गोळ्या झाडतात. प्रज्ञा म्हणत होती, हे खोटं आहे, मी म्हणणार नाही. आणि संग्राम शीलाला म्हणाला होता, "साफसफाईचं काढू नका वहिनी. शाळेचं नाव हाय. लेकरू इथंच शिकवायचंय ना?"

तोफेला भ्यालो नव्हतो तसा भ्यालो. मी म्हणालो, "म्हणू दे त्याचं. प्रवेश जाईल."

"न्हाई जात," शीला म्हणाली. "वैशालीताईचा फोन आलता."

वैशाली आमच्याच बॅचची, किनवटकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शीलानं संग्रामचं बोलणं सांगितल्यावर तिनं विचारलं होतं, पोरीचा प्रवेश कसा झाला. शीलानं सांगितलं, ऑनलाइन फॉर्म भरला, लॉटरीत नंबर लागला, मेसेज आला. "मग ती आरटीईची, कायद्याची जागा हाय," वैशाली म्हणाली होती. "आठवीपर्यंत तिला कोणी काढू शकत न्हाई. त्याचे उपकार कशाचे?"

मेसेज मीच दाखवला होता त्याला. कागदावर सही त्याची लागली, म्हणून देणाराही तोच, असं समजलो. तीन वर्षं. वाकलो ते त्या सहीपुढं.

मागून आवाज आला, "भाई, दो मिनट."

"प्रज्ञाला दे."

"पप्पा, मी काय म्हणू?"

"म्हण, माझे पप्पा फौजेत संडास साफ करतात. लढाईत बी केले."

तिनं ते एकदा पुटपुटून पाहिलं. मग म्हणाली, "पोरं हसतील."

"हसतील. तू थांब. हसून झालं की पुन्हा म्हण."

फोन कापला गेला. रविवार मी कसा काढला ते मलाच माहीत.

पुढं शीलानं सांगितलं. पोरं हसली. प्रज्ञा थांबली. पुन्हा म्हणाली, आधीपेक्षा मोठ्यानं. तिसऱ्या वाक्याला माइक बंद झाला. संध्याकाळी चौकातलं बॅनर उतरलं. ग्रुपातून शीलाला काढलं.

तोफा थांबल्या. रजेवर आलो, प्रज्ञाला सोडायला शाळेत गेलो. गेटावर संग्राम.

"सगळ्यांपुढं शोभा केलीस आमची. पोरीला पुढं जड जाईल हां."

मी ताठ उभा राहिलो.

"प्रवेशाचा कागद माझ्यापाशी हाय. तिला तरास झाला तर तुझ्याकडं न्हाई येणार मी, वर शिक्षणाधिकाऱ्याकडं जाईन. लेखी."

प्रज्ञा आत गेली.

परवा मला परत जायचंय. आठवीला अजून चार वर्षं आहेत, आणि मी हजार मैल लांब. रोज शाळा सुटायच्या वेळेला जीव वरखाली होणार. भीती गेलेली नाही, जाईल असं वाटतही नाही. पण लेक त्याच गेटातून जाईल, त्याच बाकावर बसेल. बाप काय करतो असं कोणी विचारलं तर सांगेल. आणि हक्काच्या कागदासाठी मी पुन्हा कुणापुढं वाकणार नाही.