झटका आणि आमची हट्टी मंडळी

मी फिजिओथेरपिस्ट. बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये रोज सकाळी स्ट्रोकमधून उठलेल्या लोकांचा व्यायामाचा वर्ग घेते. व्यायाम अर्धा तास, गप्पा एक तास! लग्न कसं जमलं हे विचारावं, तसं नव्या माणसाला विचारतात, "तुमचं कसं सुरू झालं?" धाडकन कोसळण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. बाकीच्यांचं सुरू होतं ते अगदी फालतू कारणावरून. इतके किस्से साठलेत की माझ्या स्वतःच्या घरातले मला आठवत नाहीत!

*

कृष्णाअण्णा कापडाचे व्यापारी. चार पिढ्या इथेच, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. एका सकाळी डाव्या पायातली चप्पल सारखी निसटायला लागली. कालच घेतलेली, नवी कोरी! अण्णा रिक्षा करून तडक दुकानात भांडायला.

"ढिली चप्पल दिलीस! बदल!"

दुकानदाराने दुसरी दिली. निसटली. तिसरी दिली. तीही निसटली. अण्णांचा आवाज चढला. दुकानदाराने वाकून पाय बघितला आणि म्हणाला, "अण्णा, चप्पल सरी आहे, बरोबर आहे. पाय बदलून द्यायची सोय माझ्याकडे नाही."

शटर ओढून तोच त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेला. अण्णा आज काठीशिवाय चालतात आणि अजून म्हणतात, "चप्पल ढिलीच होती!"

*

वत्सलाअक्का निवृत्त शिक्षिका. दारात रोज रांगोळी. एक दिवस शेजारीण थबकली. कमळाच्या उजव्या बाजूच्या पाकळ्या सुरेख, डावीकडे नुसती फरशी!

"अक्का, अर्धीच का काढली?"

"पूर्ण आहे. डोळे तपासून घे!"

अक्कांना डावी बाजू दिसतच नव्हती, आणि दिसत नाही हेही कळत नव्हतं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं. अक्कांनी बाराही आकडे उजवीकडे कोंबले आणि वर डॉक्टरांनाच झापलं, "मुलांना असंच शिकवता का?"

आता त्या रांगोळी डावीकडून सुरू करतात. म्हणतात, "डाव्या बाजूने एकदा दगा दिलाय. आधी तिच्यावर नजर!"

*

नीलेश अडतीस वर्षांचा, पुण्याचा, एचएसआर लेआउटमध्ये घरूनच काम करणारा. व्हिडिओ मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन देता देता शब्द चिकटायला लागले. सगळे म्हणाले, "आवाज तुटतोय!" याने वायफाय बंद केलं, चालू केलं. हेडफोन बदलला. लॅपटॉपसुद्धा रीस्टार्ट केला! परत आला तरी तेच. मॅनेजर म्हणाला, "इट्स ओके, नेटवर्क खराब आहे."

टीममधली कावेरी टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच तिचा धंदा. ती म्हणाली, "नेटवर्क एकाच गालाचं कसं जातं?"

मीटिंग तिथेच सोडून तिने नीलेशच्या बायकोला फोन लावला. ती शेजारच्याच खोलीत, दुसऱ्या मीटिंगमध्ये! वेळेत पोचले, म्हणून नीलेश आज बोलतो. ऑफिसने "हलकं काम" देऊ केलं, तर त्याने तेच अर्धवट राहिलेलं प्रेझेंटेशन मागून घेतलं. आणि आता कुणी "आवाज तुटतोय" म्हणालं, की आधी म्हणतो, "कॅमेरा लाव. हास बघू."

*

सगळे किस्से हसण्यावारी जात नाहीत. जाधव बेळगावकडचे, बस चालवायचे. उभ्याने कॉफी पिताना उजव्या हातातला पेला गळून पडला. हात लोंबकळला. दहा मिनिटांत पुन्हा ठीक! बरोबरचे म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ." जाधव म्हणाले, "स्वल्प पित्त झालंय." आणि ड्यूटी संपवली.

तिसऱ्या दिवशी घरी, दाढी करताना, हात पुन्हा गेला. तो आजवर परत आलेला नाही.

"हात परत आला म्हणून मी खूश झालो," जाधव सांगतात. "तो सांगायला आला होता, जातोय म्हणून."

रडत नाहीत. दर शनिवारी डेपोत जातात, सगळ्या ड्रायव्हरांसमोर उभे राहतात आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून दाखवतात. "बरं वाटलं तरी जायचं! ताबडतोब! समजलं?"

*

आणि इंदूताई. त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता. "नाही." चहा हवा? "नाही!" आणि कप ओढून घ्यायच्या. स्पीच थेरपीवाली थकली. कुणी "बिचारी" म्हणालं, की त्याच्याकडे बघून ठणकावून "नाही!"

त्यांचे यजमान शामराव त्यांना रोज वर्गाला आणायचे. पुढचं तेच सांगतात, स्वतःवर हसत.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर दोघं रिक्षात बसली. शामरावांच्या ओठाचा एक कोपरा खाली आला होता. त्यांना पत्ताच नव्हता. ड्रायव्हरला म्हणाले, "घ...घई चल." इंदूताईंनी त्यांची कॉलर धरली. "नाही!"

"अगं, दमलोय नुसता."

"नाही!"

ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "मनेगा, अक्का? घरी?"

"नाही!"

"मार्केट?"

"नाही!"

"देवळात?"

"नाही! नाही!"

ड्रायव्हरने शामरावांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग हळूच विचारलं, "आस्पत्रेगा? हॉस्पिटलात?"

इंदूताई गप्प बसल्या.