आबांना दारावर नेलं तेव्हा

माझ्या वडिलांचा चेहरा खुलायचा असेल, तर ओळखीतलं कोणीतरी मरावं लागतं.

आमचे आबा त्र्याऐंशीचे. आमच्या खान्देशात माणूस गेला की दहा दिवस लोक त्याच्या ‘दारावर’ जातात. अंगणात बसायचं, दोन शब्द बोलायचे, चहा घ्यायचा, उठायचं. बाकीचे नुसते मान खाली घालून सतरंजीचे धागे उपसतात. आबा बोलतात. माणूस कसाही असो, त्याचं चांगलं काढतात. गल्लीतल्या अट्टल भांडखोराबद्दल म्हणाले, "मनात काही ठेवायचा नाही." जन्मभर खाटेवर लोळलेल्या एकाबद्दल म्हणाले, "कधी कोणाच्या आडवा आला नाही." आणि मग घरी येऊन एक भाकरी जास्त खातात.

मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. (निवृत्त माणसाला कोणाचं तरी भलं केल्याशिवाय राहवत नाही.) हाताशी आबाच सापडले. मोबाइलवर एका व्हिडिओत ऐकलं, म्हाताऱ्या माणसांना दुःखापासून दूर ठेवा. झालं! मी आबांचं दारावर जाणं बंद केलं. कोणी गेल्याची बातमी आली की लपवायचो. वर त्यांना पिंप्राळ्यातल्या एका हास्यक्लबात नेऊन उभं केलं. तिथे वीस माणसं हात वर करून खदाखदा हसत होती. आबांनी काळजीनं माझ्या कानात विचारलं, "काय व्हयनं यास्ले?"

तीन महिन्यांत आबा पार मिटून गेले. मध्ये दोन-तीनदा म्हणाले, "बोदवडला नानाकडे जाऊ." नाना म्हणजे धुळ्याकडच्या आमच्या गावचे त्यांचे बालमित्र, आता लेकाकडे बोदवडला असतात. मी म्हटलं, जरा ऊन उतरू द्या. मग आबांनी विषयच सोडला.

एक दिवस बायको म्हणाली, "अहो, चार दिवस झाले, आबांनी भाजीला नाव ठेवलं नाही."

"मग चांगलंच आहे की."

"डोंबल चांगलं. काल मी मुद्दाम अळणी केली. ‘छान झाली’ म्हणाले."

आता मात्र माझं धाबं दणाणलं. सांगायला लाज वाटते, पण मी रोज सकाळी गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी गेलंय का ते शोधू लागलो. मेली सगळी माणसं ठणठणीत! आणि एका सकाळी फोटो आला. नानांचा. गळ्यात हार. खाली कोणीतरी हात जोडलेले. मी तत्काळ ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली. माझं बघून पाच मिनिटांत तीस जणांनी टाकली.

आबांना सांगितलं.

"नाना? मन्हा नाना?" एवढंच बोलले आणि खाटेवर बसले. खुलणं वगैरे काही नाही. गाडीत सबंध वेळ खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते. "वरीसभर भेट नही व्हयनी," असं एकदा म्हणाले, आणि मला स्वतःचाच भयंकर राग आला.

बोदवडला नानांच्या दारात मांडव होता, खुर्च्या होत्या, माणसं होती. आबा पायरीशी टोपी काढून बसले. मी नानांच्या मुलाचा हात हातात घेतला.

"फार वाईट झालं, भाऊ."

"काय झालं?"

"नाना..."

"नाना आत जेवतायत."

कालच नानांना एक्क्याऐंशी वर्षं पुरी झाली होती. हार आणि मांडव त्या वाढदिवसाचे होते. मी खुलासा करणार, इतक्यात श्रद्धांजली वाचून निघालेल्या, नात्यातल्या फैजपूरच्या सात-आठ बायका रिक्षातून उतरल्या आणि रीतीप्रमाणे गल्लीच्या तोंडापासूनच त्यांनी गळा काढला. तो ऐकून नाना हातात पुरी घेऊन बाहेर आले. त्यांना बघून बायकांचा आवाज आणखी चढला. आबा उठून उभे राहिले.

"तू जित्ता शे?"

"मंग? तुले काय वाटनं?"

श्रद्धांजली पहिल्यांदा कोणी टाकली याचा शोध तिथल्या तिथे लागला. मी मांडवाच्या खांबाआड गेलो. नाना मात्र खुर्ची ओढून समोर बसले. "इतला लांब उना, तर बोल आते. काय बोलनार व्हता?"

आबांनी घसा साफ केला. "हा मला शाळेत गणित दाखवायचा," ते म्हणाले, "म्हणून आम्ही दोघंही नापास झालो." मांडव हसला. आबांनी मात्र नानांचा हात धरला आणि लहान पोरासारखे रडले, नानाही रडले. मग दोघं जेवायला बसले. पाचव्या पुरीला आबांनी भाजीत मीठ कमी असल्याचं यजमानांना स्पष्ट सांगितलं. मला हायसं वाटलं.

तेव्हापासून आबा दर आठवड्याला कोणा ना कोणा म्हाताऱ्याकडे जातात. त्याचं चांगलं त्याच्या तोंडावर बोलतात, चहा घेतात, परत येतात. म्हातारे वाट बघत असतात म्हणे.

परवा ते असेच निघाले, तेव्हा बायको म्हणाली, "आबा, यांनाही न्या ना. घरात बसून तोंड कसं उतरलंय बघा."

आबांनी चपला घालता घालता माझ्याकडे नीट पाहिलं. "त्याले कसाले लई जाऊ?" म्हणाले. "तठे जित्ता मानसं लागतस."