गेरू लावलेला नवरदेव

काल बायकोनं कुंड्या रंगवायला गेरू भिजवला. त्या ओल्या वासानं मी थेट जानेफळला, तिच्या माहेरच्या बैठकीत जाऊन पोचलो.

मुलगी पाहायला गेलो होतो आणि पोहे येण्याआधीच अंगावर पित्त उठलं. मानेवर, पाठीवर लालभडक गांधी. चार माणसांत खाजवायचं कसं? मी खुर्चीलाच हळूहळू पाठ घासू लागलो. खुर्ची करकरायला लागली, तसं तिच्या आईनं ओळखलं.

"लाजता काऊन? सदरा काढा. गेरू लावला का बसते पित्त."

पाच मिनिटांत मी बनियनवर, तोंडामानेला गेरू फासलेला, वरून घोंगडी पांघरलेला. तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली. विचारायचे प्रश्न मी पाठ करून आणले होते, पण पहिला प्रश्न तिनंच विचारला.

"खाज कमी झाली काय?"

"हाव," एवढंच मी बोललो.

परतताना मी स्थळ गेलं असंच धरलं होतं. आठ दिवसांनी होकार आला.

पुढे कितीतरी वर्षांनी तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "बाकीचे सारे रुबाब दाखवून गेले. तुमच्यापाशी दाखवाले काही उरलंच नोतं."