लिफ्टवाल्या काकांचा नकार

वाचायला बसण्यापूर्वी काका मनगटावरचं घड्याळ काढून शेजारच्या खोलीत ठेवायचे. पानाचे कोपरे आधीच थोडे वळवून घ्यायचे, म्हणजे उलटताना सळसळ होत नाही. पाण्याचा पेला टेबलावर नाही, गादीवर ठेवायचे. पुस्तकात आकृती आली की ती शब्दांत सांगायचे; डावीकडून सुरुवात करून, घाई न करता. चुकलं तर म्हणायचे, "थांबा, परत घेतो," आणि वाक्य नाही, अख्खा धडा परत घ्यायचे. मी जायला निघाले की दाराशी येऊन म्हणायचे, "पाय सांभाळून." आमच्या दोघांच्या दारांमध्ये सपाट फरशी होती.

काका गेले त्याला फार दिवस झालेले नाहीत. मी अजून "काका वाचतात" असंच बोलून जाते.

त्यांनी आयुष्यभर एका मोठ्या कार्यालयाच्या इमारतीत लिफ्ट चालवली. जाळीचं दार, पितळी दांडा, बसायला स्टूल. पाचव्या मजल्यावर टेलिफोनचा बोर्ड होता आणि तो सांभाळणाऱ्या बाईंना दिसत नव्हतं. एकदा त्यांनी लिफ्टमध्ये एक कागद पुढे केला आणि विचारलं, वर पोचेपर्यंत एवढं वाचून दाखवाल का? कागद खात्याच्या परीक्षेचा होता. पुढे कागदाचं पुस्तक झालं. तळापासून पाचव्यापर्यंत एक परिच्छेद. परिच्छेद लांबला की लिफ्ट हळू जायची आणि खाली साहेब लोक खोळंबायचे. बाई पास झाल्या. मग त्यांच्या ओळखीची अंध मुलं आली, त्यांची पुस्तकं आली. काका निवृत्त झाले तेव्हा इमारतीत बटणांची लिफ्ट बसली होती आणि काकांकडे वाचायची पुस्तकं साठली होती.

ते कपाटाचं दार उघडून, लटकवलेल्या कपड्यांत तोंड घालून वाचायचे. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "इतक्या वर्षांत माझ्याशी कधी एवढं बोलले नाहीत. माझ्या कपड्यांशी बोलतात." ते फोनवर रेकॉर्ड करून नेटवर आमच्या चॅनलवर चढवायचं काम माझं. साहित्यात पदवी घेऊन मी समोरच्या घरात नोकरीची वाट बघत होते. त्यांच्याकडे वाट बघणं सोपं जायचं.

पैशांची गोष्ट एका फोनने कळली. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी होती. तिलाही दिसत नव्हतं. ती फार अदबीने बोलत होती. म्हणाली, "काका, या महिन्यात मला भरता नाही आले. तरी ऐकलं तर चालेल का?"

काकांना वाटलं, नंबर चुकला. मग त्यांनी दोनदा विचारलं, काय भरता नाही आले. तिने सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांनी मला हाक मारली.

मी शोधलं. एक साइट होती. तिच्यावर काकांचा फोटो होता, आमच्याच चॅनलवरून उचललेला. खाली लिहिलं होतं, या आवाजाला जगवा. त्याखाली दरमहा पैसे द्यायचं बटण. बटण दाबणाऱ्यांचा आकडा लहान नव्हता. अगदी तळाशी बारीक अक्षरांत होतं की हे कलाकार अजून आमच्याशी जोडलेले नाहीत, त्यांची रक्कम आम्ही राखून ठेवली आहे.

मी ते काकांना वाचून दाखवलं. त्यांना वाचून दाखवायची ती माझी पहिलीच वेळ.

"कलाकार कोण?"

"तुम्ही."

"आणि राखण कोण करतंय?"

"तेच."

मी साइटला लिहिलं की हे पान काढा. उत्तर गोड होतं. काकांच्या कामाचं कौतुक होतं. आम्ही हे तुमच्यासाठीच करतो, असं होतं. पान बंद करण्यासाठी काकांनी आधी खातं उघडावं, ओळखपत्र जोडावं, अटी मान्य कराव्यात, असंही होतं. अटींमध्ये पहिलीच अट अशी की आतापर्यंत गोळा झालेलं त्यांच्या संमतीने झालं असं धरलं जाईल. मी पुन्हा लिहिलं. तेच उत्तर आलं, कौतुकासकट.

"म्हणजे नाही म्हणायला आधी हो म्हणायचं," काका म्हणाले. "भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. आणि मी तर भीकही मागितली नव्हती."

काकूंचं मत वेगळं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. छत गळत होतं, काकांच्या घशाचं औषध महाग होतं. त्यांनी मला स्वयंपाकघरातून ऐकवलं, म्हणजे काकांना ऐकू जाईल अशा बेताने. "जग फुकट घेत होतं तेव्हा यांची तब्येत झकास. आता जग द्यायला लागलं तर यांना ताप भरला."

त्याच आठवड्यात एका गृहस्थांचा निरोप आला. मुलासाठी दरमहा पैसे देतोय, इतिहासाचा पुढचा धडा अजून का नाही? निरोपात नमस्कारही नव्हता. काका हसले, पण त्या दिवशी त्यांनी वाचलं नाही.

टेलिफोनवाल्या बाई भेटायला आल्या तेव्हा मी तिथेच होते. त्याही आता निवृत्त होत्या. काका त्यांना सगळं सांगत होते आणि त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, मीही देते. पहिल्या दिवसापासून.

एवढ्या वर्षांत काकांनी बाईंकडून चहासुद्धा घेतला नव्हता, असं काकू नंतर म्हणाल्या.

"लिफ्टवाले, रागावू नका," बाई म्हणाल्या. "आम्ही आयुष्यभर घेतोच आहोत. कोणी रस्ता ओलांडून देतं, कोणी वाचून देतं. एक बटण सापडलं, दाबलं की आपणही देतो. मला त्या रात्री चांगली झोप लागली होती."

"मग मला द्यायचे."

"तुम्ही घेतले असते?"

"नसते."

"बघा."

"नसते घेतले," काका म्हणाले. "पण ते 'नाही' माझं होतं, बाई. माझ्या तोंडून जायला हवं होतं. ते दुसऱ्यानेच खिशात घातलं."

बाईंनी काठी उचलली, परत ठेवली. चहा मागितला. कप रिकामा झाल्यावर म्हणाल्या की त्यांनी ओळखीतल्या कितीतरी जणांना ते बटण सांगितलंय. आता कोणाकोणाला फोन करणार? त्या कायद्यावाल्या मुलीलाही त्यांनीच सांगितलं होतं.

ऐकणारे कोण आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांच्यापर्यंत पोचायचा एकच रस्ता होता, काकांचा आवाज. त्यांनी तीन वाक्यं ठरवली. मी कोणाकडे पैसे मागितलेले नाहीत. माझ्या नावाने मागणाऱ्यांना मी ओळखत नाही. हे ऐकायला काही लागत नाही. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला ही तीन वाक्यं यायला हवी होती.

मी म्हटलं, सोपं आहे. तुम्ही एकदा वाचा, मी सगळ्या धड्यांना जोडते. दुपारभरात होईल.

त्यांनी मान हलवली. "ऐकणाऱ्यांना जोड कळते. वाक्य त्या दिवशीच्या आवाजात नसलं की लगेच कळतं. त्यांना वाटेल, कोणीतरी काकांच्या तोंडी घातलंय. साइटने तेच केलं ना?"

मी फोन परत कपाटातल्या कपड्यांपाशी ठेवला.

मग ते सगळं पुन्हा वाचायला बसले. नागरिकशास्त्र, भूगोल, कायद्याची ओळख, बाईंच्या काळचं ते खात्याचं पुस्तकसुद्धा, जे आता कोणी ऐकत नव्हतं. मी म्हटलं, हे तरी सोडा. ते म्हणाले, मजला रिकामा असला तरी लिफ्ट थांबवून बघावं लागतं. डॉक्टरांनी घशाला विश्रांती सांगितली होती. काकू पेला भरून गादीवर ठेवायच्या. टोमणे त्यांनी बंद केले होते.

आवाज बसत चालला होता. रोज एखादा धडा, मग दिवसाआड. पूर्वी ते आकृती सांगताना खुलायचे. आता कपाटाच्या कडेला टेकून, डोळे मिटून सांगायचे. एकदा मी विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाले, "येतो की. वाचून झालेलं परत वाचायचं, काय नवल आहे त्यात." पान उलटलं.

कायद्यावाल्या मुलीचा पुन्हा फोन आला होता. तिने तीन वाक्यं ऐकली होती. भरणं बंद केलं होतं. पण तिला चुकल्यासारखं वाटत होतं. काकांनी तिला विचारलं की ऐकताना कलमांचे आकडे नीट कळतात का. तिने एक चूक दाखवली. काकांचा चेहरा त्या दिवशी उजळला होता. ती चूक असलेला धडा त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवला, सावकाश करायचा म्हणून.

एका सकाळी काकूंनी मला हाक मारली तेव्हा कपाटाचं दार उघडंच होतं. घड्याळ शेजारच्या खोलीत होतं. काका आता उठणार नाहीत, एवढंच मला पटकन कळलं.

साइटवरचं पान आहे तसं आहे. काका गेल्याचं मी लिहिलं, त्यांचं उत्तर आलं, वारसांनी खातं उघडावं. काकूंनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. छत अजून गळतंय. मग म्हणाल्या, त्यांना सांग, घरात कोणी कलाकार नाही.

फोनमध्ये शेवटची फाइल आहे. कायद्याची ओळख, तोच धडा. तीन वाक्यं स्पष्ट आहेत. मग पहिला परिच्छेद, दुसरा. कलमाचा आकडा येतो तिथे ते अडखळतात. खोकतात. पेला उचलल्याचा आवाज येत नाही, कारण तो गादीवर आहे. मग म्हणतात, "थांबा, परत घेतो."