चार माश्या, ठिकाण माहीत नाही

कँटीनमध्ये चहात माशी पडली की बाकीचे लोक कप बदलून मागत. माशीसाहेब खिशातून भिंग काढत. चमच्याने माशी बशीत घ्यायची, उलटीसुलटी करून पाहायची, "छे, घरगुतीच आहे," असं म्हणून ती खिडकीत वाळत ठेवायची आणि तोच चहा पिऊन टाकायचा. नवा माणूस हे पाहून आपला कप तसाच ठेवून उठायचा. आम्हाला सवय झाली होती.

सिल्वासाजवळच्या मसाटला आमच्या कारखान्यात पॉलिएस्टरचा दोरा तयार व्हायचा. साहेब क्वालिटी कंट्रोलचे प्रमुख. नाशिकचे, पन्नाशी ओलांडलेले, लग्न न केलेले. मी सत्त्याऐंशी साली नवऱ्याबरोबर जळगावहून सिल्वासाला आले आणि त्याच कारखान्यात स्टोअरकीपर झाले. साहेबांचं खरं नाव गेटवरच्या रजिस्टरात होतं. ते तिथेच राहिलं.

त्यांच्या खऱ्या माश्या मात्र चहात पडणाऱ्या नव्हेत. थंडीत, ऊन कलताना, ओहोळाच्या पाण्यावर बारीक काळ्या माश्यांचा थवा वर-खाली होत असतो. त्या नाचऱ्या माश्या. नर शिकार पकडतो, स्वतःच्या पुढच्या पायातून निघणाऱ्या रेशमात ती गुंडाळतो आणि मादीला भेट देतो. साहेब हे एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगत होते. "काही लबाड नर आत काहीच घालत नाहीत. नुसती रेशमाची पुडी. मादी उघडून बघेपर्यंत त्यांचं काम झालेलं असतं."

"म्हन्जे आपल्या कंपनीचा दिवाळीचा डबाच की साहेब!" मशीनवरचा रामदास म्हणाला. तो धुळ्याचा. मॅनेजर शेजारच्याच टेबलावर होते. साहेब गंभीरपणे म्हणाले, "नाही रामदास, डब्यात सोनपापडी असते. माशी त्याहून पुढे गेलेली आहे." मॅनेजरसुद्धा हसले.

दर रविवारी साहेब स्कूटरला जाळी बांधून जवळच्या रांध्याच्या नाहीतर सामरवरणीच्या ओहोळावर जात. पकडलेल्या माश्या काचेच्या लहान नळ्यांत, स्पिरिटमध्ये. प्रत्येक नळीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी: ठिकाण आणि दिवस. कारखान्याची सुट्टी झाली की प्रयोगशाळेतल्या, दोरा तपासायच्या मायक्रोस्कोपखाली त्या जात. "लांबचे नातेवाईक कुणीही ओळखतो, बाई," ते मला म्हणत. "सख्खे भाऊ वेगळे काढून दाखवा." त्यासाठी ते शिरा मोजत, पायांवरचे केस मोजत, नराच्या शेपटाकडच्या टोकाचं चित्र काढत. मला याद्यांची आवड, त्यामुळे त्यांची यादी मी ठेवू लागले. वही माझी, अक्षर माझं, माश्या त्यांच्या.

स्पिरिटमुळे एकदा गंमत झाली. आमच्या केंद्रशासित भागात दारूची दुकानं, आणि वापीला पोहोचलं की गुजरातची दारूबंदी. साहेब रजेवर निघाले तेव्हा नाक्यावरच्या पोलिसाने पिशवी उघडली, एका नळीचं बूच काढलं, वास घेतला. "आ शुं छे?"

"माखी छे."

पोलिसाने नळी उजेडात धरली. "साहेब, तमारे त्यां माखी पण पीए छे?" तुमच्याकडे माश्याही पितात का, असं विचारून त्याने जाऊ दिलं. हा किस्सा साहेब स्वतःच सगळ्यांना सांगत.

एक्क्याण्णवच्या सुमारास साहेबांची खात्री पटली की रांध्याच्या ओहोळावरची माशी आणि सामरवरणीची माशी या दोन वेगळ्या जाती आहेत. रांध्याची जरा दणकट, सामरवरणीची जरा नाजूक. पुण्यात या विषयातले एक वयस्कर प्राध्यापक होते. साहेबांनी त्यांना तसं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: नमुने पाठवा. मी साहेबांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. चार वर्षांचे रविवार त्या नळ्यांत होते. "एक जरी जात आपल्या इथली म्हणून नोंदली गेली ना, बाई," ते म्हणाले, "तर मी नाशिकला सुखाने जाऊन बसेन." पुढच्याच वर्षी ते रिटायर होणार होते.

पाठवण्याआधी ते आठवडाभर रजेवर गेले आणि कपाटाची चावी मला देऊन गेले. "नळ्यांतलं स्पिरिट उडतंय, तेवढं भरून ठेवा."

कपाट उघडलं तर शेहेचाळीस नळ्या, निम्म्या रिकाम्या, बुचं सैल. प्रत्येकीत एक माशी. मी स्टोअरची बाई. एकाच मापाचे बोल्ट शेहेचाळीस डब्यांत ठेवले तर मला झोप लागणार नाही. मी घट्ट झाकणाची एक बाटली घेतली, सगळ्या माश्या त्यात ओतल्या, वर स्पिरिट भरलं. चिठ्ठ्या वाळवून, तारखेप्रमाणे लावून, टाचणी मारून ठेवल्या. नळ्या धुऊन उपड्या घातल्या. कामाच्या यादीतल्या त्या ओळीवर बरोबरची खूण केली तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

दोऱ्याचे दोन लॉट एकत्र होऊ द्यायचे नाहीत, नाहीतर रंगवलेल्या कापडावर पट्टे उमटतात, हे याच साहेबांनी मला शिकवलं होतं. तो लॉट मी झोपेतही मिसळला नसता. माश्यांनाही लॉट असतो, हे डोक्यातच आलं नाही.

साहेब आले. बाटली पाहिली. चिठ्ठ्यांचा गठ्ठा पाहिला. खुर्चीत बसले. गठ्ठा चाळला.

"फार सुबक लावल्यात," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते. मी रडू लागले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "रडू नका. दोन जाती आहेत ना? मग चिठ्ठीशिवायही त्या वेगळ्या काढता आल्या पाहिजेत. काढतो."

घरून मी बर्फाचे चार ट्रे आणले. प्रत्येक खणाला नंबर घातला, प्रत्येक खणात एक माशी. नंबर फक्त मला माहीत. मी एकेक माशी मायक्रोस्कोपखाली ठेवायची, साहेब "रांधा" किंवा "सामरवरणी" म्हणायचे, मी लिहायचं. पुढच्या रविवारी क्रम बदलून पुन्हा. तिसऱ्या रविवारी पुन्हा.

तिन्ही याद्या मी शेजारी-शेजारी लावल्या. तीच माशी एका रविवारी रांध्याची, दुसऱ्या रविवारी सामरवरणीची.

"पक्ष बदलला की काय?" साहेबांनी विचारलं.

"बहुतेक सगळ्यांनी, साहेब."

ते वहीवर वाकले. मला वाटलं आता रागावतील. ते हसायलाच लागले, आणि हसता हसता चष्मा पुसू लागले. "मी माशी बघतच नव्हतो हो, बाई. आधी चिठ्ठी वाचत होतो आणि मग माशी बघत होतो. जात एकच आहे."

मग त्यांचं बोट थांबलं. चार नंबर असे होते की त्यांच्याबद्दल ते तिन्ही वेळा अडखळले होते. मी तिथे प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते चार नर आम्ही पुन्हा काढले. बाकीच्या नरांच्या पुढच्या पायाचा एक सांधा फुगीर होता. रेशीम तिथूनच येतं. या चौघांचा पाय सरळ, सडपातळ. आधी चिठ्ठीच्या भरवशावर साहेबांनी हे "किरकोळ फरक" म्हणून सोडून दिलं होतं. खरी वेगळी जात ही होती. आणि ती कुठल्या ओहोळावरची, ते माझ्यामुळे कुणालाच सांगता येत नव्हतं. माझ्या वहीतही फक्त ठिकाण आणि दिवस होते, कुठली माशी कुठली ते नव्हतं.

पुण्याला पाठवायचं पत्र त्यांनी तोंडी सांगितलं, मी टाइप केलं. दोन जातींचा दावा मागे घेतो. वेगळ्या चार माश्या मिळाल्या आहेत, ठिकाण माहीत नाही. नळ्या माझ्या हातून एकत्र झाल्या.

माझे हात थांबले. "साहेब, हे खोटं आहे."

"कपाट माझं, चावी मी दिली, आणि काय करायचं नाही ते सांगितलं नाही. टाइप करा."

उत्तर आलं: ठिकाणाशिवाय उपयोग नाही.

पुढची सगळी थंडी आम्ही दोन्ही ओहोळ धुंडाळले. साहेब, मी आणि डबा धरायला माझा नवरा. मिळाली नाही. साहेब रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी रामदासने त्यांना रेशमी कागदात गुंडाळलेला रिकामा खोका दिला आणि सगळं कँटीन हसलं. साहेबांनी जाळी मला दिली. "सडपातळ पायाच्याला रेशीम गुंडाळता येणार नाही," ते म्हणाले. "ज्या थव्यात पांढऱ्या पुड्या दिसत नाहीत, तो बघा."

मी माझ्या रविवारच्या कामांत ओळ घातली: दळण, भाजी, ओहोळ. दुसऱ्या हिवाळ्यात, सामरवरणीला, उंबराच्या सावलीत पाण्यालगत एक लहानसा थवा नाचत होता. मी उकिडवी बसून बराच वेळ पाहिलं. एकही पांढरा ठिपका नव्हता. जाळी फिरवताना चप्पल वाहून गेली, पण पाच मिळाल्या. पाच नळ्या, पाच चिठ्ठ्या: ठिकाण, दिवस, वेळ, उंबर, पाणी किती. नाशिकला पार्सल केलं.

चार महिन्यांनी त्यांचं कार्ड आलं. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

"सोनवणेबाई, पुण्याहून निकाल आला. जात नवी नाही, दक्षिणेकडून आधीच माहीत आहे. पण आपल्या भागातली ही पहिली नोंद. मी पेढे वाटले, शेजाऱ्यांना कारण काही समजलं नाही. तुमच्या चिठ्ठ्यांवर उंबरसुद्धा आहे, पकडणाऱ्याचं नाव मात्र नाही. पुण्याची मंडळी माझं घालू का म्हणून विचारत होती. मी नाही म्हणून कळवलं आहे. पूर्ण नाव, स्वच्छ अक्षरात, पाच वेळा लिहून ताबडतोब पाठवा."

मी पाच चिठ्ठ्या कापल्या, पेन्सिलीला टोक केलं आणि लिहायला बसले.