दाराजवळचा बाक

वय झालं की राग निवतो म्हणे. डोंबल निवतो! ज्याचा निवत असेल त्याचा निवो बापडा. माझ्या घरात कुणी वहीत दोन दिव्यांची आणि एका सेलची आकृती काढायला बसलं की माझं डोकं आजही तापतं. मी स्वयंपाकघरात जाते आणि भांडी आपटते. मुलं एकमेकांकडं बघून म्हणतात, आईला सर आठवले वाटतं.

आठवले नाहीत. विसरलेच कधी नव्हते.

परभणीच्या आमच्या हायस्कुलात विज्ञानाचा वर्ग एकच होता. पोरं दाटीवाटीनं बसायची, आणि दाराजवळ एक बाक मुलींसाठी म्हणून सोडलेला असायचा. त्या बाकावर बसायला मिळणं सोपं नव्हतं. खालच्या वर्गांत तेच सर सगळ्यांना थोडं विज्ञान शिकवत, पण शेवटच्या वर्गांत मुलीला विज्ञान द्यायचं की शिवणकाम, हे विज्ञानाचे सर ठरवत. उन्हाळ्याच्या सुटीआधी गृहपाठाची वही दाखवायची. सरांची सही झाली तर बाक, नाही तर मुकाट्यानं सुई-दोरा. माझ्या वर्षी विज्ञान मागणारी मी एकटीच होते.

मला ते हवंच होतं. अप्पांचं बाजारात किराणा दुकान होतं आणि एका फळीवर बॅटऱ्या, सेल, बल्ब असा माल असायचा. बॅटरीची कळ दाबली की उजेड येतो, तो येतो कुठून, हे मी अप्पांना विचारायची. अप्पा म्हणायचे, सेलमधून. सेलमध्ये कुठून येतो? अप्पा म्हणायचे, डोकं खाऊ नको, गिऱ्हाईक बघ. तर ज्या वर्गात हे विचारलं की उत्तर मिळतं, तिथं मला बसायचं होतं. एवढंच माझं मागणं.

आता सरांबद्दल सांगते. माणूस कष्टाळू होता. हेही सांगायलाच पाहिजे, नाही तर म्हणाल म्हातारी एकाच बाजूनं बोलायलीय. निजामाचं राज्य गेलं, विलीनीकरण झालं, आणि शाळेची भाषा फिरली. आम्ही पोरांनी पहिल्या इयत्तांत अलिफ-बे गिरवलेलं. मग एकदम सगळं मराठीत. पाट्या रंगवायला वेळ लागत नाही. पण शिकवणारे तेच. जे स्वतः उर्दूत शिकले ते आता मराठीत शिकवायचं, आणि विज्ञानाचं मराठी पुस्तक काही आमच्यापर्यंत पोचेना. सरांनी आपलं जुनं उर्दू पुस्तक घेतलं आणि बसून मराठीत नोटा काढल्या. त्या नोटांच्या नकला झाल्या. जिंतूरच्या मास्तरांनी नेल्या, आणखी कुणी कुणी नेल्या. जिल्ह्यात जिथं विज्ञान शिकवत तिथं आमच्या सरांच्या नोटा असायच्या, आणि सरांना त्याचा मोठा अभिमान होता.

प्रयोगाचं सामान मात्र कपाटात, आणि कपाटाला कुलूप. फुटलं तर भरून कोण देणार? त्यामुळं आमच्याकडं प्रयोग सांगितला जायचा. सर सांगणार: साहित्य, आकृती, निरीक्षण, निष्कर्ष. आम्ही लिहिणार. पोरं एकमेकांना विचारायची, "प्रयोग लिहिला का रे?" केला का, असं कुणीच विचारत नव्हतं. कुणाला त्यात खटकतही नव्हतं.

त्या वर्षीच्या गृहपाठात सरांनी तीन गोष्टी दिल्या. पहिली नाण्याची. नाणं पुष्कळ वेळा उडवा आणि कोणती बाजू किती वेळा पडते ते लिहा. अप्पांच्या डब्यात चलनातून गेलेली निजामाची नाणी होती, एका बाजूला चारमिनार आणि दुसरीकडं अक्षरं. मी दुकानाच्या पायरीवर बसून अंगठा दुखेपर्यंत नाणं उडवलं. चारमिनार चांगलाच जास्त पडला. मी तसं लिहिलं. वर्गात बघते तर सगळ्या पोरांच्या वहीत अर्धे हे, अर्धे ते. एकजात! इतक्या पोरांची नाणी एकसारखी कशी पडली, हे सरांना खटकायला नको? पण खटकली माझी वही.

"तुझं नाणं खोटं असेल," सर म्हणाले.

"मग दुसरं घेऊन उडवते, सर."

"उडवायचं कशाला? अर्धं-अर्धंच येतं."

मग उडवा म्हणून सांगितलं कशाला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. सहीचा प्रश्न होता.

दुसरा गृहपाठ म्हणजे निबंध. निरीक्षण करणाऱ्यानं काय करावं आणि काय करू नये. मी लिहिलं, जे दिसलं तेच लिहावं. आपल्याला आवडलं नाही तरी लिहावं, मोठ्या माणसाला आवडलं नाही तरी लिहावं. सरांनी खाली लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं आणि वर्गात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. आवाज चांगला होता त्यांचा. पोरं गप बसून ऐकत होती, आणि मी आनंदानं फुगले होते. इतकी बावळट होते मी.

तिसरा गृहपाठ दिव्यांचा. दोन दिवे एकामागं एक एकाच वाटेवर जोडले तर ती एकसर जोडणी. प्रत्येक दिव्याला सेलपासून वेगळी वाट दिली तर ती समांतर. कोणत्या जोडणीत उजेड जास्त? नोटांत तक्ता होता, वीज मोजायच्या यंत्राचा काटा किती सरकतो त्याचे आकडे होते, आणि खाली निष्कर्ष: एकसर जोडणीत प्रकाश जास्त, समांतर जोडणीत कमी. पोरांनी उतरवून घेतलं आणि हुंदडायला गेली.

मी अप्पांकडून सेल मागून घेतले, बॅटरीचे दोन बल्ब घेतले आणि तारेचे तुकडे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत बसले. माझी धाकटी बहीण होती सोबत, तेव्हा लहान होती. तिला सांगितलं, तारा घट्ट धरून ठेव, हलू नको. एकसर जोडले. दिवे आपले मिणमिणले, जळतात की नाही असे. समांतर जोडले, तर दोन्ही लख्ख.

धाकटी म्हणाली, "अक्का, हे तर उलटं व्हायलंय."

मी बल्बांची अदलाबदल केली. सेल नवे घेतले, अप्पांची बोलणी खाऊन. पुन्हा तेच. समांतर लख्ख, एकसर मिणमिण. मग मी वहीत लिहिलं, समांतर जोडणीत प्रकाश जास्त. जे दिसलं तेच. उत्तम शेरा मिळालेली मुलगी मी, दुसरं काय लिहिणार होते?

सरांनी शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. वर्गात आम्ही दोघंच होतो.

"नोटांत काय लिहिलंय?"

"सर, नोटांत उलटं आहे."

मी पिशवीतून सेल आणि बल्ब काढले आणि त्यांच्या टेबलावर दोन्ही जोडण्या करून दाखवल्या. दिवे लागले. सरांनी बघितलं. म्हणाले, सेल कमजोर असतील. मग म्हणाले, तार गंजकी असेल. मग माझं तोंड कायमचं बंद करायचं म्हणून त्यांनी कपाटाचं कुलूप उघडलं आणि ते जुनं उर्दू पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. पान उघडलं. तक्त्यावर बोट ठेवलं.

मलाही अक्षरं वाचता येत होती. उर्दू उजवीकडून वाचतात. तक्तासुद्धा उजवीकडूनच सुरू होतो. सरांनी मथळे बरोबर उजवीकडून वाचले होते, आणि मराठीत ते डावीकडून मांडले, पहिलं एकसर, मग समांतर. पण आकडे? ते जसे दिसले तसेच, डावे डावीकडं, उजवे उजवीकडं उतरवले. मथळ्यांच्या जागा बदलल्या, आकडे जागच्या जागी. समांतरचे आकडे एकसरच्या खाली येऊन बसले. आणि निष्कर्ष? पुस्तकात तक्त्याखाली सरळ लिहिला होता. तो वाचायचीही तसदी घेतली नाही. आपल्या चुकीच्या तक्त्याकडं बघून स्वतःच एक निष्कर्ष काढून मोकळे झाले.

सरांचं बोट उजवीकडून डावीकडं गेलं आणि मध्येच थांबलं. माझ्याआधी त्यांना कळलं. त्यांचे कान लाल झाले, ते मी बघितलं.

हे बघा, चुकीचं मला काही वाटत नाही. चूक कुणाकडूनही होते. रात्रीतून भाषा बदलली तर माणूस गडबडणारच. तेवढ्यावर सर हसले असते, "अरे, गफलत झाली की" म्हणाले असते, तर मी जन्मभर त्यांच्या पाया पडले असते. पण सरांनी पुस्तक मिटलं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. मग अगदी मायेनं मला म्हणाले,

"बेटा, नोटा साऱ्या जिल्ह्यात गेल्यात. पेपर तपासणारेसुद्धा याच नोटा घेऊन बसतात. आता मी कुणाकुणाला सांगत फिरू? तू वहीत नोटांतलं लिही. मी सही करतो. बाक तुझा."

खेकसले असते तर सोसलं असतं. पण ते मायेनं म्हणाले! खरं काय ते डोळ्यांनी बघून, माझ्यासमोर बघून, खोटं लिही म्हणाले, आणि वर बेटा!

"आणि तो निबंध, सर? त्यावर तुम्ही उत्तम लिहिलंत."

"तो निबंध होता," सर म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बल्ब पिशवीत टाकले, वही उचलली आणि निघून आले. सही झाली नाही.

घरी सगळं सांगितलं, तक्त्याची गफलतसुद्धा; धाकटी ऐकत होती. अप्पांनी कपाळाला हात लावला. "एक ओळ लिहून टाकायची होती. कुणाच्या बापाचं काय जात होतं?" मी म्हटलं, माझं जात होतं. अप्पा म्हणाले, तुझं आता विज्ञान गेलं, ते बघ. तेही खरंच होतं. सुटीनंतर मी शिवणाच्या वर्गात काज करायला शिकले. शेजारच्या वर्गातून सरांचा तो चांगला आवाज ऐकू यायचा, आणि माझी सुई बोटात जायची.

पुढच्या वर्षी एका मुलीच्या वडिलांनी तिच्यासाठी विज्ञान मागितलं. सर म्हणाले, मुलींना झेपत नाही, वाद घालत बसतात. दाराजवळच्या बाकावर मोडके नकाशे आणि खडूची खोकी ठेवायला लागले. म्हणजे मी माझा एकटीचाच बाक घालवला नव्हता. हे कळलं तेव्हा मला इतका संताप आला की दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि तो संताप सरांवर की स्वतःवर, हेही सांगता येईना.

मग धाकटी सहीच्या वर्षाला आली. तोवर आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता, पुन्हा पाट्या रंगल्या होत्या, पण सर तेच आणि नोटा त्याच. मी घरीच मशीनवर झंपर शिवायची. धाकटी गृहपाठ करत होती, म्हणून सहज डोकावले. सुरेख अक्षरात तिनं लिहिलं होतं: एकसर जोडणीत प्रकाश जास्त.

मी वही हिसकावली. "हे काय लिहायलीस? डोळे फुटले का तुझे? तारा कुणी धरल्या होत्या?"

"मीच धरल्या होत्या," ती म्हणाली. "मला काय ठाऊक न्हाई व्हय?"

"मग?"

"मला त्या बाकावर बसायचंय."

मी वही तिच्या अंगावर फेकली. काय वाट्टेल ते बोलले. निर्लज्ज म्हणाले, सरांची चमची म्हणाले. तिनं वही उचलली आणि पानं सारखी केली. तिला सही मिळाली. नकाशे खाली उतरवून बाक पुसून दिला म्हणे तिला. मी तिच्याशी बोलणं टाकलं. एका घरात, ताटाला ताट लावून, महिनेच्या महिने बोलले नाही. माझा राग असा आहे.

मॅट्रिकच्या वर्षी, थंडीचे दिवस होते, धाकटी शाळेतून आली आणि दप्तर न ठेवताच माझ्या मशीनसमोर येऊन उभी राहिली. मी मान वर केली नाही.

"आज आमची नावं बोर्डाला गेली," ती म्हणाली. "परीक्षेची. सकाळीच फॉर्मांची पेटी रवाना झाली. आता कुणाचं नाव काढता येत न्हाई."

मी मशीन चालवत राहिले.

"सर उजळणी घेत होते. माझी वही हातात घेतली अन् साऱ्या वर्गाला दाखवून म्हणाले, हिच्या बहिणीनं नसता हट्ट केला अन् वाया गेली. बघा, हिनं कसं बरोबर लिहिलंय."

माझा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला.

"मी उभी राहिले, अक्का. म्हटलं, सर, ते चूक हाय. अक्काचं बरोबर होतं. उर्दू तक्ता उजवीकडून वाचायचा असतो, अन् तुमाला ते ठाऊक हाय."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

इतकी वर्षं साठवलेला राग असा एकदम कुठं ठेवायचा कळेना. "आणि सर? सर काय म्हणाले?"

"वही मिटली अन् म्हणाले, बस खाली."

"मग?"

"मग काय," धाकटी म्हणाली. "बसले की. बाकावर."